यंत्राने कोरलेल्या लाकडाची घासाई

लाकडावरील कोरीवकाम म्हटले की आजही आपल्या डोळ्यांपुढे पटाशी आणि मोगरी घेऊन मांडी घालून बसलेला कारागीर उभा राहतो. प्रत्यक्षात फर्निचरच्या बाजारात दिसणारे देव्हारे, दरवाजांवरचे गणपती, पलंगाच्या उशाकडील कोरीव फळ्या आणि बंगल्यांच्या नावपाट्या यांपैकी पुष्कळसे काम आता संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या राउटरवर होते. बाजारात या यंत्राला सरसकट 'सीएनसी' म्हणतात. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थीही हल्ली उत्थित शिल्पाची फळी बाहेरून कोरून आणतात आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती घासत बसतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे यंत्र नव्हे, तर यंत्र थांबल्यानंतरचा हा घासण्याचा दिवस आहे. कोरण्याविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. घासाईविषयी मात्र 'जरा पॉलिश पेपर मार, झालं' यापलीकडे कोणी काही सांगत नाही. वस्तुतः चांगली कोरलेली फळी बिघडते ती बहुधा याच टप्प्यावर.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. उठावाचे काम करताना राउटरमध्ये गोल टोकाचे बिट लावतात. हे बिट फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, थोडे बाजूला सरकते आणि परत येते. शेतात नांगर फिरतो तसाच हा प्रकार. नांगराच्या दोन तासांमध्ये जसा मातीचा वरंबा उरतो, तसा बिटाच्या दोन फेऱ्यांमध्ये लाकडाचा बारीक वरंबा उरतो. त्याची उंची काढण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. दोन फेऱ्यांमधील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला बिटाच्या टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे. टोकाची त्रिज्या ३ मि.मी. आणि फेऱ्यांमधील अंतर ०.६ मि.मी. असेल, तर सपाट भागावर वरंबा उरतो ०.०१५ मि.मी. उंचीचा. अंतर दुप्पट केले, म्हणजे १.२ मि.मी. ठेवले, तर वरंबा दुप्पट होत नाही, चौपट होतो: ०.०६ मि.मी.

मग अंतर अगदी कमी का ठेवू नये? याचे उत्तर घड्याळात आहे. ३०० मि.मी. लांब आणि तितकीच रुंद अशी फळी घेतली आणि बारीक टोकाच्या बिटाने ०.२ मि.मी. अंतराने फेऱ्या मारल्या, तर १,५०० फेऱ्या होतात; म्हणजे बिटाला एकूण ४५० मीटर चालावे लागते. मिनिटाला २ मीटर या वेगाने त्याला पावणेचार तास लागतील. अंतर ०.१ मि.मी. केले की साडेसात तास. यंत्राचे भाडे तासावर असते. त्यामुळे कारखानदार अंतर थोडे मोठे ठेवतो आणि उरलेले वरंबे घासणाऱ्यावर सोपवतो. यात त्याचे काही चुकते असे नाही. फक्त हा व्यवहार आहे, हे फळी कोरून घेणाऱ्याने समजून घ्यावे. अंतर किती ठेवणार, हा प्रश्न आधीच विचारला तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात.

वरील हिशेब सपाट भागाचा झाला. उतारावर चित्र बदलते. बिट फळीवर आडवे ०.२ मि.मी. सरकते, पण पृष्ठभाग ६० अंशांनी चढलेला असेल तर त्या उतारावर मोजलेले अंतर दुप्पट होते आणि म्हणून वरंबा चौपट. गणपतीच्या पोटाच्या माथ्यावर हात फिरवला तर रेशमासारखे लागते आणि त्याच पोटाच्या कडेला, जेथे ते जमिनीकडे उतरते, तेथे जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात, त्याचे कारण हेच. यंत्र सगळीकडे सारखेच चालले, पण सगळीकडे सारखे कोरले गेले नाही. म्हणूनच सगळीकडे सारखे घासणे हे मुळातच चुकीचे ठरते.

तथापि हाताला जो खरखरीतपणा लागतो, तो बहुतेक वेळा या वरंब्यांचा नसतोच. सागाच्या लाकडातील मोठ्या नळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्यापुढे पंधरा सहस्रांश मिलिमीटरचा वरंबा काहीच नाही. हाताला लागते ती लव. पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूला असते तशी बारीक, आडवी-तिडवी लव कोरीव फळीच्या काही भागांवर उभी राहते. हे लाकडाचे अर्धवट तुटलेले तंतू होत. बिट शिरांच्या दिशेने गेले की तंतू कापला जातो. शिरांच्या विरुद्ध गेले की तो उचकटतो, वाकतो आणि बिट पुढे गेल्यावर पुन्हा उभा राहतो. बिट बोथट असेल किंवा लाकूड ओलसर असेल तर लव अधिक. सागात सिलिका असते. तिच्यामुळे बिटाची धार लवकर मरते. सकाळी नवे बिट लावून कोरलेली फळी आणि त्याच बिटाने संध्याकाळी कोरलेली फळी यांवरून डोळे मिटून हात फिरवावा. फरक लगेच कळतो. सांगायचा मुद्दा असा की घासाई पॉलिश पेपरपासून सुरू होत नाही. ती सुकलेले लाकूड, धारदार बिट आणि फेऱ्यांची दिशा यांपासून सुरू होते. फेऱ्या शक्यतो शिरांच्या दिशेने ठेवल्या तर लवही कमी उठते आणि उरलेल्या रेषा शिरांमध्ये मिसळून जातात.

वरंबा आणि लव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत. वरंबा घासून कमी करावा लागतो. लव घासून जात नाही, निदान सरळ घासून जात नाही. कागद आला की ती आडवी होते आणि गेला की पुन्हा उठते. ती जाईपर्यंत घासत राहणारा माणूस लवेबरोबर शिल्पही घासत असतो.

यंत्राने कोरायचे आणि माणसाने पुरे करायचे ही विभागणी काही आजची नाही. इंग्लंडमध्ये टॉमस ब्राउन जॉर्डन याने १८४५ साली लाकूड कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि लंडनच्या संसदभवनाच्या उभारणीत, त्यातील अफाट लाकडी नक्षीकामासाठी, ते वापरले गेले. नमुन्यावरून सुई फिरे आणि तिच्याबरोबर फिरणारी हत्यारे लाकडात तोच आकार उतरवीत. पण यंत्र ढोबळ आकार काढून देई. कडा, खाचा आणि शेवटचा हात कारागिराचाच असे. पुढे १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे यंत्र दाखविण्यात आले. ते धातू कापण्यासाठी होते; आजचा लाकडाचा राउटर त्याचाच वंशज. जॉर्डनच्या यंत्रापेक्षा आजचे यंत्र कितीतरी बारीक काम करते. परंतु मधला हा सर्व काळ लोटूनही शेवटचा हात माणसाचाच राहिला आहे. फरक इतकाच की जॉर्डनच्या काळी तो हात कोरक्याचा होता, त्याच्यापाशी पटाशी होती आणि चित्राची जाण होती. आज तो हात बहुधा पॉलिशच्या मदतनिसाचा असतो आणि त्याच्यापाशी एक फिरते सँडर मशीन असते.

गेल्या उन्हाळी सुटीत मी अशा एका कारखान्यात महिनाभर जात होतो. तेथे घडलेला एक प्रसंग सांगतो. सागाच्या फूटभर फळीवर गणपतीचा मुखवटा कोरला होता. उठावाची सर्वांत जास्त खोली १२ मि.मी.; पण डोळ्याच्या पापणीची कड जेमतेम अर्धा मि.मी. उचललेली. यंत्राने ती सुरेख काढली होती. मदतनीस मुलाला 'गुळगुळीत कर' एवढेच सांगितलेले. त्याने सँडरला ८० नंबरचा कागद लावला आणि अर्ध्या तासात फळी खरोखरच गुळगुळीत केली. गाल चकाकले, सोंडेच्या वळ्या मऊ झाल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. एक वयस्क बाई होत्या. त्यांनी फळी हातात घेतली, खिडकीकडे धरली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "बाळा, देव झोपलाय की रे हा!"

कोणी काही बोलेना. यंत्राच्या संगणकात डोळा होता, तो फळीवर उरला नव्हता. मालकांनी पुन्हा नवी फळी लावली. पॉलिशचे काम पाहणारे अण्णा त्या दिवशी सुटीवर होते. ते आल्यावर मुलाला त्यांनी रागे भरले नाही. त्यांनी त्याला फक्त ८० नंबरच्या कागदाचा तुकडा आणि तुटका डोळा शेजारी शेजारी धरून दाखवला. "दाणा बघ, पापणी बघ," एवढेच म्हणाले.

अण्णांचे हे म्हणणे आकड्यांत मांडता येते. कागदामागे नंबराच्या आधी 'पी' हे अक्षर असेल तर त्या मापपद्धतीत ८० नंबरच्या दाण्याचा सरासरी आकार ०.२ मि.मी. असतो. १२० चा ०.१२५, २४० चा ०.०५८ आणि ४०० चा ०.०३५ मि.मी. दाणा लाकडात पूर्ण रुतत नाही हे खरे. तरीही ज्या वरंब्याची उंची ०.०१५ मि.मी. आहे तो काढण्यासाठी ०.२ मि.मी.चा दाणा फिरवणे म्हणजे अंगणातली रांगोळी पुसायला फावडे घेणे होय. वरंबा जातो, पण त्याच्या जागी अधिक खोल ओरखडे येतात. ते काढायला १२० चा कागद, त्याचे ओरखडे काढायला १८० चा, असे करत करत प्रत्येक फेरीला थोडी पापणी जाते. सपाट फळीला ही चढती भाजणी योग्यच आहे, कारण सपाट फळीत गमावण्यासारखे काही नसते. कोरीव फळीवर मात्र २२० किंवा २४० च्या खालचा कागद शक्यतो हातात घेऊच नये. त्याच्याखाली जावे लागत असेल तर दोष घासाईत नाही, कोराईत आहे. फळी पुन्हा यंत्रावर चढवून बारीक अंतराची एक फेरी मारणे त्यापेक्षा स्वस्त पडते. जाता जाता सांगायला हवे की 'पी' नसलेला अमेरिकी पद्धतीचा ४०० नंबरचा कागद हा 'पी' असलेल्या ४०० पेक्षा बराच बारीक असतो. दुकानात दोन्ही एकाच गठ्ठ्यात सापडतात.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म एवढेच आहे: सपाट लाकूड घासताना काय काढायचे याचा विचार करावा लागतो, कोरीव लाकूड घासताना काय ठेवायचे याचा. म्हणून हातात कागद घेण्यापूर्वी पाच मिनिटे फळी नुसती पाहावी. खोलीतला दिवा बंद करावा आणि हातातील विजेरी फळीच्या कडेला, जवळजवळ आडवी धरावी. समोरून पडणारा उजेड दोष झाकतो. कडेने येणारा उजेड प्रत्येक वरंबा, प्रत्येक तंतू सावलीसह दाखवतो. आता जेथे हात लावायचाच नाही त्या जागा ठरवाव्यात. पापणी, नाकपुडी, नखे, दागिन्यांचे मणी, पानांची टोके, वस्त्राच्या चुणीची धार. शिल्पाचे सारे बोलणे या कडांतून होत असते. मग जेथे वरंबे खरोखर डोळ्याला खुपतात ते उतार शोधावेत. उरलेल्या फार मोठ्या भागाला केवळ लव काढण्याची गरज असते असे आढळून येईल. पार्श्वभूमीच्या सपाट जमिनीबद्दल मी वेगळे मत मांडू इच्छितो. ती आरशासारखी करण्याचा अट्टहास सोडावा. तिच्यावर बिटाच्या बारीक समांतर रेषा राहिल्या तर त्यांच्यापुढे गुळगुळीत केलेली आकृती उलट उठून दिसते. हाताने कोरणारे कारागीरही जमिनीवर पटाशीचे टवके मुद्दाम ठेवतात. ते काही आळसाने नव्हे.

हाताने कोरणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोरीवकामाला कागद लावू नये, धारदार पटाशीचा कापच खरा, असे मानणारी एक कडवी परंपरा पाश्चात्त्य कोरक्यांमध्ये आहे. त्या परंपरेचे दैवत म्हणजे ग्रिन्लिंग गिबन्स (१६४८-१७२१). इंग्लंडच्या राजवाड्यांमध्ये त्याने लाइम नावाच्या मऊ, फिकट लाकडात फुले, फळे आणि पक्षी असे कोरले की पाकळी वाऱ्याने हलेल असे वाटावे. (या लाकडाचा आपल्या लिंबाशी काही संबंध नाही.) ३१ मार्च १९८६ रोजी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला आग लागली आणि गिबन्सच्या कामातील सात फुटांची एक लोंबती माळ जळून गेली. ती पुन्हा कोरण्याचे काम डेव्हिड एस्टर्ली (१९४४-२०१९) या अमेरिकी कोरक्याकडे आले. शेजारच्या वाचलेल्या मूळ कामाचे निरीक्षण करताना त्याला पृष्ठभागावर अतिशय बारीक ओरखडे दिसले. म्हणजे गिबन्सनेही घासले होते. कशाने? त्या काळी आजच्यासारखा कागद नव्हता. एस्टर्लीने काढलेला निष्कर्ष असा की हे काम इक्विसेटम नावाच्या, नेच्यांच्या नात्यातील एका पाणथळ वनस्पतीच्या वाळलेल्या काड्यांनी केले असावे. या काड्यांच्या सालीत सिलिका असते. जपानमध्येही लाकूड घासण्यासाठी हीच वनस्पती वापरण्याची जुनी पद्धत आहे.

आपल्याकडे सह्याद्रीत उंबराच्या कुळातील खरवत नावाचे झाड आढळते. त्याच्या पानाला बोट लावले तर नाव का पडले ते विचारावे लागत नाही. पूर्वी लाकूड आणि हस्तिदंत घासायला ही पाने वापरीत. गिबन्सची काडी आणि आपले पान यांत एक समान गुण आहे, आणि तोच यंत्रकोरीव फळीला हवा असतो. दोन्ही साधनांचे दाणे अगदी बारीक, दोन्ही पातळ आणि दोन्ही हाताच्या दाबाखाली वाकणारी. वळणावरून जाताना ती वळण घेतात. सँडरची सपाट गादी वळण घेत नाही. तिला फक्त उंचवटे भेटतात, आणि शिल्पातील सर्वांत मोलाच्या जागा उंचवट्यांवरच असतात. पोलादी हत्याराने कोरलेल्या कामाला गवताची काडी चालते. मग यंत्राने कोरलेल्या कामाला काय चालावे, याचा विचार करताना ही गोष्ट मला नेहमी उपयोगी पडली आहे.

आता प्रत्यक्ष पद्धत. अण्णांच्या हाताखाली मी जी पाहिली ती अशी. फळी यंत्रावरून उतरली की प्रथम ती कोरड्या, ताठ ब्रशने झाडायची. खाचांसाठी जुना दातांचा ब्रश उत्तम. मग घासायचे नाहीच. आधी लाखेचा एक पातळ हात द्यायचा. लिटरभर स्पिरिटात शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा लाख विरघळवून गाळून घेतली की हे पातळ पॉलिश तयार होते. ते ब्रशने सगळीकडे लावून, खाचांत साचलेले कापडाच्या टोकाने टिपून घ्यायचे. या एका हाताने काय होते? उभी लव लाख पिते आणि वाळल्यावर ताठ होते.  आता २४० किंवा ३२० चा कागद हलक्या हाताने फिरवला की लव आडवी न होता तुटते. दहा मिनिटे घासून न गेलेला खरखरीतपणा चार-सहा हातांत जातो. लाखेऐवजी बाजारी सँडिंग सीलर वापरला तरी तत्त्व तेच. ज्या कामाला पुढे डाय किंवा रंग पाजायचा आहे त्याला मात्र आधी लाख लावू नये, कारण मग लाकूड रंग पिणार नाही. तेथे पाण्याचा उपाय करावा. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने फळी पुसावी; दबलेले तंतू फुगून उठतात. पूर्ण वाळू द्यावे आणि मग ३२० ने फक्त उठलेले तेवढे उतरवावे.

कागद हातात कसा धरायचा यालाही महत्त्व आहे. चौकोनी घडी करून बोटांनी दाबला की बोटाचा गोलावा लाकडात उतरतो आणि कडा मरतात. कागद आधी टेबलाच्या कडेवरून दोन-तीनदा ओढून त्याची ताठरता मोडावी. मागे कापडी पाठ असलेला कागद असेल तर अधिक चांगले. खाचांसाठी आइस्क्रीमच्या काडीला, बांबूच्या सळईला, पेन्सिलीला कागद चिकटवून निरनिराळ्या आकाराची हत्यारे घरीच करता येतात. अण्णांच्या डब्यात अशा वीस-पंचवीस काड्या होत्या आणि त्या ते कोणालाही देत नसत. सर्वांत महत्त्वाचा नियम दिशेचा. हात नेहमी कडेला समांतर चालवावा, कडेवरून आडवा नेऊ नये. पापणीच्या वर घासायचे ते पापणीच्या रेषेबरोबर. पापणी ओलांडून कपाळावरून गालावर कधीच नाही.

काम मोठे असेल, दहा-बारा फळ्या असतील, तर ड्रिलला लावायचे ब्रश मिळतात. एका प्रकारात पॉलिश पेपरच्या चिरलेल्या पट्ट्यांची जुडी असते. दुसऱ्यात नायलॉनच्या तारांमध्येच घर्षणाचे कण मिसळलेले असतात. दोन्ही खोलगट जागेत शिरतात आणि वळण घेतात, म्हणून सँडरपेक्षा शतपटीने बरे. वेग कमी ठेवावा, दाब देऊ नये, आणि एकदा सुलट व एकदा उलट फिरवावे. सुलट फिरताना जो तंतू आडवा झाला तो उलट फेरीत तुटतो. एका जागी थांबू नये. सागासारख्या लाकडात वर्षवलयाचा मऊ थर आणि कठीण थर शेजारी शेजारी असतात; मऊ ब्रश एकाच ठिकाणी फिरत राहिला तर तो मऊ थर खणतो आणि गालावर लाटा उमटतात. पोलादी लोकर वापरणारे काही जण आहेत. बाभूळ किंवा खैर अशा टॅनिनयुक्त लाकडावर तिचे तुटलेले कण अडकले आणि ओल लागली की काळे डाग पडतात. त्यापेक्षा भांडी घासतात तशा जातीची, पण बारीक दाण्याची, न विणलेली नायलॉनची गादी बरी.

अक्षरे कोरलेल्या पाटीचे शास्त्र थोडे निराळे आहे आणि आपल्या उपयोजित कलेच्या मित्रांनी ते अवश्य लक्षात घ्यावे. अक्षरे बहुधा 'व्ही' आकाराच्या टोकदार बिटाने कोरतात. रेघ रुंद हवी तेथे बिट खोल जाते, बारीक हवी तेथे वर येते. ९० अंशांच्या बिटाने काढलेली ०.६ मि.मी. रुंदीची रेघ फक्त ०.३ मि.मी. खोल असते. आता पाटी स्वच्छ करण्यासाठी वरून ०.१ मि.मी. घासली, तर प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी मिळून ०.२ मि.मी.ने बारीक होते. जाड दांड्याला ते कळत नाही. बारीक रेघेचा मात्र तिसरा भाग जातो. ०.३ मि.मी. घासले तर ती रेघ नाहीशीच होते. रोमन अक्षरात यामुळे एखादे टोक बोथट होईल. आपल्या लिपीत वेलांटीची शेपटी, रफार, 'ऋ'चे वळण, अनुस्वाराचा ठिपका हे सारे बारीक. ते गेले की नुसते सौंदर्य जात नाही, नाव बदलते. म्हणून पाटीचा वरचा पृष्ठभाग कोरण्यापूर्वीच शेवटच्या नंबरापर्यंत घासून, लाखेचा हात देऊन ठेवावा. कोरल्यानंतर कडेला उठलेली लव तेवढी कागदाने, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, एक-दोन हातांत काढावी. अक्षरांच्या आत कागद घालूच नये.

एमडीएफच्या फळीला शिरा नाहीत, म्हणून तिला लव सगळ्या दिशांनी सारखी असते. वरचे कवच गुळगुळीत आणि आतला भाग टीपकागदासारखा. तिला घासून घासून गुळगुळीत करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. प्रायमरचे वा सीलरचे दोन हात आणि प्रत्येकानंतर ३२० चा कागद, हाच मार्ग.

शेवटी धुळीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्या यांना हा धोका असतो. सागाच्या व शिसवाच्या धुळीने काहींच्या कातडीला खाजही सुटते. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर चिकट द्रव्याचाही अंश असतो. राउटरचा भुसा जड, तो खाली पडतो. कागद जितका बारीक तितकी धूळ बारीक, आणि बारीक धूळ हवेत तासन्तास तरंगते. म्हणजे ज्या कामाला आपण हलके आणि शेवटचे समजतो तेच श्वासाला सर्वांत वाईट. मी ज्या कारखान्यात जात होतो तेथे राउटरला भुसा ओढणारा पंप जोडलेला होता. घासणाऱ्याच्या बाकाला नव्हता. अण्णा तोंडाला गमछा बांधत; पण गमछ्याच्या विणीतून ही धूळ सहज जाते. एन-९५ जातीचा मुखवटा नाकावर घट्ट बसवून वापरावा. बाक खिडकीशी लावून, हवा बाहेर फेकणारा पंखा पलीकडे ठेवावा, म्हणजे धूळ आपल्याकडून बाहेर जाईल, आपल्याकडे येणार नाही. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आणि कपडे झटकायचे ते बाहेर, अंगणात.